‘काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?’

पत्र

आदरणीय बाई,

मी चाकणला एका कंपनीत कामाला आहे. वय २४. गाव बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात. आई-बाबा ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळीबरोबर कारखान्यावर, ते थेट मार्च-एप्रिलला परत. मागे घरी आजी, आठवीतला धाकटा भाऊ आणि बहीण. बहिणीला यंदा दहावीला ८१ टक्के पडले. गावातली शाळा दहावीपर्यंतच आहे, अकरावीला १६ किलोमीटरवर तालुक्याला जावं लागतं. तिला नर्स व्हायचंय. बाबा म्हणतात, “बास झालं आता. आम्ही सहा महिने घरी नाही. वयात आलेली पोर, एकटी येणार-जाणार. काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?” दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीवरची एक मुलगी कॉलेजला जाताना एका मुलाबरोबर निघून गेली. त्या वर्षी वस्तीवरच्या सगळ्याच मुलींचं शिक्षण थांबलं.

आता बहिणीला स्थळ आलंय. मुलगा २३ वर्षांचा, तेही ऊसतोडीवालेच. हुंडा नको, लग्न आम्हीच लावून घेतो, पोरीला पुढे शिकवूसुद्धा, असं म्हणतात. आजी म्हणते, असं स्थळ परत दारात येत नाही. बाबा फार तर इतकं कबूल करतात की तिनं घरी बसून बारावीचा फॉर्म भरावा. आई काहीच बोलत नाही. मी बहिणीला इकडे माझ्या खोलीवर आणू का? बाबांशी भांडू का?

— एक भाऊ

उत्तर

बाळा,

तुझ्या बाबांचा प्रश्न खरा आहे. मी तिथूनच सुरुवात करते, कारण आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षं तो बहाणा समजून उडवून लावला. पालक सभेत आम्ही शिक्षणाचं महत्त्व सांगायचो, बाप मान डोलवायचे, आणि जूनमध्ये पोरीचं नाव हजेरीपटावर नसायचं. त्या बापांना महत्त्व कळत नव्हतं असं नाही. तुझ्या बाबांनी कोयता चालवून पोरीला दहावीपर्यंत पोचवलं, त्यांना शिक्षणाची किंमत माझ्याकडून ऐकायची गरज नाही. त्यांना भीती वाटते. फडात पहाटे अंधारात ऊस तोडायचा, रात्री पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाठ टेकायची, आणि घर दोन-तीनशे किलोमीटर लांब. तिथून ते पोरीसाठी काहीच करू शकत नाहीत. म्हणून त्यांच्याशी भांडू नकोस. ‘जबाबदार कोण’ असं ते विचारताहेत ना, तर त्याचं उत्तर दे. उत्तरात माणसांची नावं असू देत: रात्री ती कुठे झोपणार, तिथे कोण असणार, आजारी पडली तर फोन कुणाला जाणार. भाषणापेक्षा या तीन गोष्टींचं वजन त्यांच्याकडे जास्त पडेल.

पण आधी त्या स्थळाचं बोलू, कारण त्याला वेळ कमी आहे.

तुझी बहीण १८ वर्षांची नाही. त्यामुळे स्थळ चांगलं की वाईट हा प्रश्नच उरत नाही. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने असं लग्न हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तो नवऱ्या मुलाला होतो, लग्न ठरवणाऱ्या बापालाही होतो, लावणाऱ्या भटजीलाही. आणखी एक गोष्ट बाबांना आणि त्या मुलाच्या वडिलांनाही माहीत असायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केलं की बायको १८च्या आतली असेल तर तिच्याशी शरीरसंबंध हा बलात्कार धरला जाईल, लग्न झालेलं असलं तरी. ती गरोदर राहिली, दवाखान्यात नेली, की आधार कार्डावरचं वय समोर येतं आणि पोलिसांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक असतं. म्हणजे ज्या पोराला ‘चांगलं स्थळ’ म्हणताय, तो पोरगा बाळंतपणाच्या वेळी आत जाऊ शकतो. हे बाबांना धमकी म्हणून सांगू नकोस. दुसऱ्याच्या पोराची काळजी म्हणून सांग, ते ऐकतील.

आता हुंडा का नको, तेही बघ. एकटा पोरगा म्हणजे मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, हिशेबात अर्धा कोयता. लग्न झालं की जोडी होते, पूर्ण कोयता होतो आणि उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, पुऱ्या कोयत्याची मिळते. त्या घराला सून हवी आहे हे खरंच, पण दसऱ्याच्या आत, टोळी निघायच्या आधी हवी आहे, आणि ती का, हे तुझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची २०१९ साली सरकारी समितीमार्फत पाहणी झाली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. लहान वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणं, पाळीतही मोळी उचलायची, खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार. तुझी आई गप्प आहे असं तू लिहिलंस. ती गप्प का आहे, हे तू तिला एकटीला गाठून विचारलंस का?

‘पुढे शिकवू’ या शब्दावर माझा विश्वास नाही, आणि मी तो अनुभवाने गमावलाय. सावित्रीबाई लग्नानंतरच शिकल्या, असा दाखला लोक देतात. शिकल्या खऱ्या, पण त्यांच्या शेजारी जोतीराव होते, आणि शिकवलं म्हणून त्या दोघांना बापाच्या घरातून बाहेर पडावं लागलं. माझ्या शाळेत एका वर्षी ३ जानेवारीला नववीतल्या एका मुलीने नऊवारी नेसून, मोठं कुंकू लावून सावित्रीबाईंवर भाषण केलं. सगळी शाळा स्तब्ध होती. मे महिन्यात तिचं लग्न झालं. सासरच्यांनी शाळेत येऊन माझ्यासमोर सांगितलं होतं, आम्ही दहावीची परीक्षा देऊ देऊ. मी त्यांना चहा दिला, दाखला दिला आणि समाधानाने घरी गेले. पुढच्या वर्षीच्या पोळ्याला ती माहेरी आली तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. तिने मला रस्त्यात ओळख दाखवली नाही. मी त्या दिवशी चहाऐवजी काय करायला हवं होतं, हे मला आज माहीत आहे, म्हणून तुला इतकं कडक लिहितेय.

घरी बसून बारावीचा फॉर्म, हा बाबांचा मधला मार्ग. तो त्यांनी मनापासून सुचवलाय, पण तो घेऊ नकोस. बाहेरून परीक्षा द्यायचा तो सतरा नंबरचा फॉर्म ज्यांची शाळा आधीच सुटली त्यांच्यासाठी आहे आणि त्यांच्यासाठी तो फार मोलाचा आहे. तुझ्या बहिणीची शाळा सुटलेली नाही, आपण ती सोडवायला निघालोय. बी.एस्सी. नर्सिंगला जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, आणि प्रॅक्टिकल चुलीपुढे होत नाहीत. शिवाय घरात बसलेल्या मुलीला कुणी विद्यार्थिनी म्हणत नाही. तिला ‘पोर घरीच असते’ म्हणतात, आणि मग दर पंधरा दिवसांनी कुणीतरी पाहुणा चहाला येतो.

आणि चाकणला तुझ्या खोलीवर? नको. त्या खोलीत तुझ्याबरोबर आणखी कोण राहतं ते तू लिहिलं नाहीस, पण चाकणच्या खोल्या मला ठाऊक आहेत, चार-चार पोरं एका खोलीत असतात. बाबांच्या भीतीला तू आणखी कारण देशील. खोलीवर तू एकटा राहत असलास, तरी तिथे गॅसपुढे कोण उभं राहील ते तुलाही माहीत आहे. पोरगी गाव सोडून शंभर कोसांवर गेली आणि भाकऱ्याच थापत बसली, असं व्हायला नको.

आता मी तुला जे करायला सांगणार आहे ते. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना ही ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीच आहे. २०२१ साली सुरू झाली, ऊसतोडीच्या ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक अशी ८२ वसतिगृहं तिच्यात मंजूर आहेत. गावातलं हंगामी वसतिगृह तुला आठवत असेल, आई-बाप उसाला गेले की शाळेतच जेवण मिळायचं. ते आठवीपर्यंतच्या पोरांसाठी असतं, आणि नेमकी आठवीनंतरच मुलीची काळजी सुरू होते. हे नवं वसतिगृह त्या फटीसाठी आहे. बाबांच्या नावाचं ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र लागेल, ते ग्रामसेवकाकडे मिळतं. बाकी चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात. तू एक दिवसाची रजा टाक आणि स्वतः जा. जागा किती, कुठल्या तालुक्यात सुरू आहे, मुलींसाठी महिला अधीक्षक कोण आहेत, हे विचारून ये. त्या अधीक्षकांचा फोन नंबर बाबांच्या मोबाइलमध्ये घाल. ‘जबाबदार कोण’चं ते पहिलं नाव.

तिथे जागा नाही मिळाली तर तालुक्याला समाजकल्याणचं मुलींचं दुसरं वसतिगृह आहे का ते बघ. तेही नाही जमलं तर जाऊन-येऊन. गावातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, तेव्हा पैशाचा प्रश्न नाही, गाडीच्या वेळेचा आहे. शेवटची गाडी पाचला सुटते की सातला, हिवाळ्यात ती फाट्यावर उतरते तेव्हा उजेड असतो का, फाट्यापासून वस्तीपर्यंत किती चालायचं, याच गोष्टींवर मुलींची कॉलेजं सुटतात. वस्तीवरच्या आणखी दोन-तीन मुली दहावी झाल्या असतील, त्यांच्या घरी जा. एकटी मुलगी जाते तेव्हा गाव तिच्याकडे बघतं. चौघी जातात तेव्हा कंडक्टरसुद्धा थांबतो.

अकरावीचे प्रवेश २०२५पासून राज्यभर ऑनलाइन झालेत. फॉर्ममध्ये मोबाइल नंबर तुझा टाक. बाबांचा टाकलास आणि ऐनवेळी ओटीपी फडात गेला तर जागा हातची जाईल. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासी, सगळं आधीच काढून ठेव. बाबांचा होकार येईपर्यंत फॉर्म भरायचा थांबू नकोस. फॉर्म भरला म्हणजे त्यांच्या शब्दाबाहेर गेलात असं होत नाही, फक्त दार उघडं राहतं.

एका अडचणीचं तुझ्या पत्रात नावसुद्धा नाही. ती गेली तर आजीची आणि धाकट्याची भाकरी कोण करणार? घरात हे कुणी मोठ्याने बोलत नाही, पण मनात प्रत्येकाच्या आहे. धाकटा आठवीत आहे, त्याच योजनेत मुलांचंही वसतिगृह आहे, त्याचाही अर्ज टाक. आजीसाठी चुलतीला विचार, महिन्याला काही दे. तू घरी पैसे पाठवत असशील, त्यातलेच वळव. आणि धाकटा घरीच राहिला तर त्याला भाकरी शिकव. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला जमते तर तेरा वर्षांच्या पोराला न जमायला काय झालं?

आता त्या निघून गेलेल्या मुलीकडे येते. मला सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच बोलायचंय.

ती गेली आणि वस्तीवरच्या सगळ्या मुली घरी बसल्या. ज्या पोराबरोबर ती गेली, त्याच्या गावातल्या किती पोरांची कॉलेजं बंद झाली? एकाचंही नाही. आपल्याकडे रस्त्यावर काहीही झालं, तरी त्याची शिक्षा शाळा बंद अशी मुलीलाच मिळते. याचा परिणाम काय होतो ते मी वर्गात बघितलंय. मुलीच्या मागे कुणी मोटारसायकल लावली, चिठ्ठी टाकली, फोटो काढला, तर ती घरी सांगत नाही. सांगितलं तर पहिला दगड आपल्याच दप्तरावर पडणार हे तिला पक्कं माहीत असतं. ती गप्प बसते, पोराला जोर चढतो, आणि गोष्ट खरोखरच हाताबाहेर जाते. बाबांना ज्या बऱ्यावाईटाची भीती वाटते ना, त्यातलं अर्धं या गप्प बसण्यातून येतं.

म्हणून तिला एक शब्द दे. अगदी याच शब्दांत दे: “वाटेत काहीही झालं, कुणी काही केलं, किंवा तुझ्याच मनात कुणाबद्दल काही आलं, तरी मला सांग. तू सांगितलंस म्हणून तुझं शिक्षण बंद होणार नाही.” शेवटचं वाक्य गाळू नकोस, सगळं त्यातच आहे. सोळा-सतराव्या वर्षी मुलीला कुणी आवडू शकतं, तुलाही त्या वयात कुणीतरी आवडलं असेल. तुझं शिक्षण त्यासाठी कुणी बंद केलं नाही. हा शब्द दिलास आणि पहिल्याच वेळी चिडलास, तिचा मोबाइल हिसकावलास, तर पुन्हा ती तुला काही सांगणार नाही. मग तूही त्या फाट्यावरच्या पोरांच्याच बाजूला उभा राहशील. भावाची माया पहाऱ्यात बदलायला वेळ लागत नाही, मी चांगल्या चांगल्या भावांचं तसं झालेलं पाहिलंय.

हाच शब्द पुढे बाबांकडूनही घ्यायचा आहे. ते लगेच देणार नाहीत. पण आधी तू दिलास आणि त्यांच्यासमोर दिलास, तर त्यांच्यावरचं ओझं निम्मं होईल. ‘जबाबदार कोण’चं दुसरं नाव तुझं आहे. त्यांना सांग, “बाबा, जबाबदार मी. काही झालं तर लोकांना मी तोंड देईन.” चोवीस वर्षांच्या कमावत्या पोराने हे बापाला म्हणणं ही लहान गोष्ट नाही.

लोक काय म्हणतील, यावर बाबांकडे एक उत्तर असू दे. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्यात हेच प्रमाण सुमारे २२ टक्के, म्हणजे आपल्याकडे दुप्पट. आकडा वाईट आहे आणि तो ऐकून माझी मान खाली जाते. पण तो उलटा धरून बघ. आपल्याच जिल्ह्यात शंभरातले छप्पन्न बाप थांबले. त्यांच्यातलेही कित्येक ऊस तोडतात, त्यांनाही भावकी आहे, त्यांच्याही दारात स्थळं आली होती. ‘सगळेच करतात’ हे खरं नाही. तुमच्या पाहुण्यारावळ्यांत असा एखादा थांबलेला बाप नक्की असेल. त्याला एकदा घरी जेवायला बोलाव आणि बाबांशेजारी बसव. तुझ्या दहा फोनपेक्षा त्याचं एक वाक्य जास्त लागेल.

हे सगळं करूनही सुपारी फुटली, तारीख धरली, यादी झाली, तर मग समजावणं थांबव. १०९८ला फोन कर, चाइल्डलाइनचा नंबर आहे, रात्रंदिवस चालू असतो, फोन कुणी केला ते ते उघड करत नाहीत. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, त्यालाही कळव. कोर्टाकडून मनाई आणता येते, आणि मनाई मोडून लावलेलं लग्न कायद्याने लग्नच ठरत नाही. आपल्याच बापाविरुद्ध फोन करायचा म्हणजे पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. बहुतेक वेळा अधिकारी लग्नाआधीच घरी येतात, समज देऊन जातात, आणि घर पुन्हा घर होतं. लग्न लागून गेलं की मात्र पोरीचं वय परत येत नाही.

हे पत्र तू लिहिलंस. तिला नर्स व्हायचंय हे तूच कळवलंस. तिला नर्स का व्हायचंय, वसतिगृहात राहायला ती तयार आहे का, तिला कशाची भीती वाटते, हे मला तुझ्या पत्रातून कळलं नाही. तिला विचार. फोनवर नको, बाबा बाजूला असताना ती ‘काही नाही, बरंय’ म्हणेल. गावी जाशील तेव्हा तिच्याबरोबर पाणी भरायला जा.

आणि टोळीची गाडी भरायच्या आत एकदा आईला घेऊन ते वसतिगृह बघून ये. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, दोघं सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ शकता. अधीक्षक बाईंशी आईला एकटीला बोलू दे, तू बाहेर थांब. आईला स्वयंपाकघर बघायचं असेल, खिडकीला गज आहेत का ते बघायचं असेल, न्हाणीघराची कडी आतून नीट लागते का ते ती हात लावून बघेल. तिला घाई करू नकोस, बघू दे.